हायस्कूलच्या मुलांसोबत पद्यनाटक बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेरा ते सतरा वयाच्या मुलांसोबत नाटकं बसवायला लागून मला बरीच वर्षं झाली. त्यात सगळ्यात जास्त वेळा केलंय ते शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम', त्यामुळे खालची बहुतेक उदाहरणं त्यातलीच आहेत. शिक्षक, पालक, मुलं, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबलीत, कारण तिथे खरंच सांगण्यासारखं खूप आहे.

या वयाच्या मुलांना हे झेपतं का? भाषा केवढी अवघड आहे.

झेपतं. आणि ही माझी भाबडी समजूत नाहीये, इतिहासच तसा आहे. शेक्सपिअरच्या काळात लंडनमध्ये मुलांच्या स्वतःच्या नाटक कंपन्या होत्या, सेंट पॉल्सच्या गायक मुलांची एक आणि राणीच्या चॅपलमधल्या मुलांची एक, आणि त्या इतक्या चालायच्या की 'हॅम्लेट'मध्ये मोठ्या नटांचा धंदा ही पोरं पळवतात अशी चक्क तक्रार आहे. शिवाय तेव्हा स्त्रिया रंगमंचावर येत नसत, म्हणजे ज्युलिएट, 'ड्रीम'मधली पऱ्यांची राणी टायटानिया, लेडी मॅकबेथ या सगळ्या भूमिका आधी किशोरवयीन मुलांनीच बोलून दाखवल्यात. या ओळी लिहितानाच अशा वयाचे गळे लेखकाच्या डोळ्यापुढे होते. अजून एक, संगीतकार मेंडेल्सोहनने 1826 मध्ये 'ड्रीम'वरून जो ओव्हर्चर, म्हणजे वाद्यवृंदाचा सुरुवातीचा तुकडा, लिहिला, जो आजही जगभर वाजतो, तेव्हा तो 17 वर्षांचा होता. आपली अकरावी-बारावीची मुलं या वयाचीच असतात ना.

पद्यनाटक म्हणजे संगीत नाटकच का?

नाही. संगीत नाटकात पात्र बोलता बोलता गायला लागतं. पद्यनाटकात साधं बोलणंच वृत्तात बांधलेलं असतं, भांडण वृत्तात, निरोप वृत्तात, 'चल निघूया' सुद्धा वृत्तात, आणि गाणं असलंच तर ते वेगळं येतं.

नाटक कुठलं निवडावं?

पहिल्यांदा करत असाल तर 'ड्रीम'च घ्या. नाव असलेली एकवीस पात्रं आणि वर एक परी, शिवाय हव्या तेवढ्या पऱ्या वाढवता येतात, म्हणजे अख्खा वर्ग सामावतो. एकच एक हिरो नाही. प्रेमी जोड्या, कारागीर आणि जंगलातली पऱ्यांची दुनिया असे तीन गट आहेत आणि बराच काळ त्यांच्या तालमी वेगवेगळ्या खोल्यांत चालू शकतात, ही सोय किती मोठी आहे ते दोन आठवड्यांत कळतं.

मुलं गंभीर असतील आणि संख्या कमी असेल तर सोफोक्लीसचं 'अँटिगनी' बघा. ग्रीक नाटकात बोलणाऱ्या सगळ्या भूमिका मिळून तीनच नट करायचे आणि सोफोक्लीसच्या कोरसमध्ये, म्हणजे एकत्र बोलणाऱ्या समूहात, पंधरा जण असायचे. हा कोरस म्हणजे शाळेला मिळालेलं वरदानच, ज्यांना एकट्याने बोलायची भीती वाटते ती मुलं कोरसमध्ये अक्षरशः फुलतात. 'मॅकबेथ' शेक्सपिअरच्या शोकांतिकांमधली सगळ्यात छोटी, म्हणून अनेक जण तिकडे वळतात, पण दोन भूमिकांवर सगळा भार येतो आणि बाकीची मुलं विंगेत बसून राहतात. रोस्ताँचं 'सिरानो द बर्जराक' मला स्वतःला अतिशय प्रिय आहे, 1897 चं असूनही जुन्या फ्रेंच पद्यनाटकाच्या थाटात लिहिलेलं, पण सिरानोची भूमिका इतकी अवाढव्य आहे की पंधरा वर्षांच्या मुलावर ती टाकायला मला तरी धीर झाला नाही.

हे आयँबिक पेंटामीटर म्हणजे नक्की काय? मुलांना कसं समजवायचं?

हे समजवायला मराठी मुलांइतकं सोपं कुणालाच नाही, कारण आपल्याकडे लगा आहे! यमाताराजभानसलगा शिकलेल्या मुलाला म्हणावं, लघु मग गुरू, लघु मग गुरू, असं पाच वेळा. लगा लगा लगा लगा लगा. दहा अक्षरं, पाच ठोके. प्रमाणिका वृत्तात असे चार लगा असतात, पंचचामरात आठ, शिवतांडव स्तोत्र ज्याला पाठ आहे त्याच्या कानात ही चाल आधीपासूनच आहे, फक्त इथे ती पाचवर थांबते. एक फरक मात्र सांगायचा, आपलं लघुगुरू वेळेवर चालतं म्हणजे अक्षर म्हणायला किती मात्रा लागतात त्यावर, इंग्रजीत ते आघातावर चालतं, कुठल्या अक्षरावर जोर पडतो त्यावर.

मग फळ्यावर एक ओळ लिहायची. पहिल्या अंकात लायसँडर आपल्या प्रेयसीला, हर्मियाला, म्हणतो, 'द कोर्स ऑफ ट्रू लव्ह नेव्हर डिड रन स्मूद'. खऱ्या प्रेमाचा प्रवाह कधी सरळ वाहिलेला नाही. आता टाळी देत म्हणा: द-कोर्स, ऑफ-ट्रू, लव्ह-ने, व्हर-डिड, रन-स्मूद. बरोबर पाच. पण नीट ऐकलं तर 'लव्ह' आणि 'रन' हे दोन वजनदार शब्द लघुच्या जागी येऊन बसलेत, जीभ तिथे अडखळते, ठोका एकीकडे ओढतो आणि अर्थ दुसरीकडे. म्हणजे 'सरळ वाहत नाही' असं सांगणारी ओळ स्वतःसुद्धा पूर्ण सरळ वाहत नाही. हे मी एकदा वर्गात दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो तोपर्यंत खिडकीबाहेर बघत होता, तो म्हणाला, 'मॅडम म्हणजे हे मुद्दाम केलंय?' त्या दिवसापासून तो प्रत्येक ओळीत असं काय काय लपलंय ते शोधत बसायचा.

मग पूर्ण नाटक याच वृत्तात आहे?

नाही, आणि गंमत तिथेच आहे. कोण कसं बोलतंय त्यावरून तो कुठल्या जगातला आहे ते कळतं. अथेन्सचा ड्यूक थिसियस आणि दरबारी लोक दहा अक्षरी ओळीत, बरेचदा यमकाशिवाय. प्रेमी मंडळी तीच ओळ पण यमकात, प्रेम जितकं चढेल तितकी यमकं वाढतात. पऱ्यांचा राजा ओबेरॉन आणि त्याचा खोडकर सेवक पक जादू करताना छोट्या, उलट्या ओळीत जातात, गुरू आधी मग लघु: 'थ्रू द फॉरेस्ट हॅव आय गॉन', गालगालगालगा, सात अक्षरं चार ठोके, जणू कुणीतरी पाय आपटत येतंय. आणि बॉटम विणकर आणि त्याचे सोबती कारागीर साधं गद्य बोलतात. टायटानिया जेव्हा जादूने गाढवाचं डोकं आलेल्या बॉटमच्या प्रेमात पडते तेव्हा ती पद्यात लाडं लाडं बोलत असते आणि तो गद्यात उत्तरं देत असतो. मुलांना हे एकदा कळलं की अर्धा अभिनय तिथेच झाला, कॉस्च्युम नसला तरी नुसत्या बोलण्यातून कोण कोण आहे ते समजतं.

मुलं कविता म्हटल्यासारखी एका सुरात बोलतात, काय करू?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

आधी बघा की नेमकं काय होतंय. बहुतेक वेळा दोनच गोष्टी होत असतात. एक, मुलं प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबतात, वाक्य तिथे संपलं असो वा नसो. दोन, ओळीच्या शेवटी आवाज पडतो. पहिले सात शब्द खणखणीत आणि शेवटचे दोन गिळलेले. पद्यात शेवटचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा असतो, यमक तिथे असतं, विचार तिथे पोचतो, आणि नेमका तोच प्रेक्षकांना ऐकू जात नाही.

पहिल्या गोष्टीवर माझा उपाय चालण्याचा आहे. मुलाने बोलत बोलत खोलीभर चालायचं आणि जिथे विरामचिन्ह येईल तिथेच दिशा बदलायची, ओळ संपली म्हणून बदलायची नाही. पाच मिनिटांत त्याच्या पायांना कळतं की विचार किती लांब आहे. कधी एकाच श्वासात चार ओळी चालत जावं लागतं तर कधी एका ओळीत तीन वेळा वळावं लागतं, आणि जो माणूस एका ओळीत तीन वेळा वळतो त्याच्या डोक्यात काय चाललं असेल हे वेगळं समजवायची गरजच राहत नाही. दुसऱ्या गोष्टीसाठी, प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द उच्चारताना समोरच्याच्या हातात चेंडू द्यायचा. चेंडू खाली पडला तर ओळ परत. हास्यास्पद वाटेल पण करून बघा.

चुकीच्या जागी थांबलं की काय होतं हे दाखवायला याच नाटकात तयार धडा आहे. पाचव्या अंकात कारागीर थिसियससमोर एक नाटक करतात, तेव्हा क्विन्स सुतार त्याची प्रस्तावना वाचतो आणि सगळी विरामचिन्हं भलत्या जागी टाकतो, त्यामुळे 'तुम्हाला दुखवायला आम्ही आलेलो नाही' च्या ऐवजी आम्ही मुद्दाम दुखवायलाच आलोय असा अर्थ निघतो, आणि थिसियस म्हणतोही की या माणसाला विरामचिन्हांची पर्वा नाही. मी पहिल्याच आठवड्यात हा उतारा सगळ्यांना देते, आधी क्विन्ससारखा वाचा, मग बरोबर वाचा. त्यानंतर विरामचिन्हांवर लेक्चर द्यायला लागत नाही.

पण या युक्त्यांच्या पलीकडची एक गोष्ट आहे. एका वर्षी आमची हेलेना पहिल्या अंकातलं शेवटचं स्वगत अगदी पाळण्यावर बसल्यासारखं म्हणायची. सगळं यमकात आहे ते, दोन दोन ओळींच्या जोड्या, आणि ती प्रत्येक जोडीला झोका घ्यायची. मी चालायला लावलं, चेंडू दिला, काही उपयोग नाही. शेवटी तिला म्हटलं की आता अभिनय नको, तुझी मैत्रीण बाहेर रिक्षात वाट बघतेय आणि तुला हे सगळं तिला सांगून एक निर्णय घ्यायचाय, जा सांग. तिने सुरू केलं आणि मध्येच थांबून म्हणाली, 'ही स्वतःलाच पटवतेय ना? यमक जुळलं की तिला वाटतं मुद्दा बरोबर आहे.' मी इतकी वर्षं ते स्वगत ऐकत होते आणि मला हे सुचलं नव्हतं. खरंच, हेलेना एकेक यमक जुळवत जुळवत शेवटी मैत्रीण हर्मियाचं पळून जायचं गुपित, आपल्याला झिडकारणाऱ्या डेमिट्रियसला सांगून टाकायच्या निर्णयाला पोचते, आणि त्या मुलीने त्यानंतर ते यमक लपवलं नाही, उलट प्रत्येक यमकावर थोडी थोडी जास्त खुश होत गेली आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येत गेला. झोका गेला तो गेलाच.

म्हणून माझं सांगणं इतकंच की यमक आणि ठोका लपवायला शिकवू नका. गद्यासारखं बोल, नॅचरल बोल असं सांगितलं की मुलं वृत्त मोडतात आणि हातात ना कविता राहते ना नाटक. पात्र असं का बोलतंय, ते विचारा.

मुलांना अर्थच कळत नाही, आधी शब्दार्थ द्यावेत का?

शब्दार्थाची यादी दिली की ती वहीतच राहते. त्यापेक्षा प्रत्येकाने आपली ओळ आपल्या भाषेत, घरी बोलतो तशी, एकदा बोलून दाखवायची, मग लगेच मूळ ओळ. असं आलटून पालटून. कठीण वाटणारी भाषणं बरेचदा विषयाने अगदी जवळची असतात. टायटानियाचं दुसऱ्या अंकातलं लांब भाषण सगळे कापून टाकतात, पण ते कशाबद्दल आहे? नद्या काठ सोडून आल्यात, कोवळं पीक शेतातच कुजलंय, मेलेल्या जनावरांवर कावळे माजलेत, मुलांच्या खेळाचा पट चिखलाने भरलाय, ऋतूंनी कपडे बदललेत आणि कुठला ऋतू कुठला ते ओळखू येत नाही. आणि हे सगळं आपल्या दोघांच्या भांडणामुळे झालं असं ती नवऱ्याला सांगतेय. आजच्या मुलांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

मराठीत केलं तर चालेल?

अर्थात. फक्त पद्य अनुवाद घ्या, गोष्टीरूप गद्य घेऊ नका. विंदा करंदीकरांनी 'किंग लियर' आणि मंगेश पाडगावकरांनी 'रोमिओ आणि ज्युलिएट', 'ज्युलियस सीझर' आणि 'टेंपेस्ट' मराठीत आणलंय, म्हणजे कवींनी केलेलं काम आपल्याकडे उपलब्ध आहे. मूळ नाटकावर कुणाचा हक्क उरलेला नाही पण अनुवादावर असतो, त्यामुळे प्रयोगाची परवानगी रीतसर मागा. मुलांनी स्वतः अनुवाद केला तर त्यासारखं काहीच नाही, वेळ मात्र दुप्पट धरा. आमच्याकडे एकदा फक्त कारागिरांचे सीन मुलांनी मराठीत केले आणि बाकी इंग्रजीत ठेवलं, गद्य-पद्याचा फरक तर राहिलाच, वर दोन भाषांचा आला. अर्धं 'आधुनिक सोपं इंग्रजी' करून देणाऱ्या आवृत्त्या मिळतात त्या मला आवडत नाहीत, त्यात वृत्त पहिलं जातं आणि मग मुलांना धरायला काही उरतच नाही.

नाटक किती कापावं?

साधारण हिशोब तासाला हजार ओळी. 'ड्रीम'च्या दोन हजारांच्या वर ओळी आहेत, म्हणजे पूर्ण केलं तर दोन तास सहज, आणि नवीन मुलं हळू बोलतात. मी दीड तासात बसवते. कापताना यमकाची जोडी तोडू नका, दोन्ही ओळी काढा नाहीतर दोन्ही ठेवा. ओळीच्या मधून कापलं तर उरलेले तुकडे जोडून परत पाच ठोके होतात का बघा. विनोद कमी करून कथा वाचवायचा मोह होतो, उलट करा, कथा लोकांना पटकन कळते. आणि कापाकापी पहिल्या वाचनाच्या आधी संपवा. मुलाने पाठ केलेली ओळ नंतर काढून घेणं फार जिव्हारी लागतं त्याच्या.

पाठांतर कसं करून घ्यायचं?

पद्य गद्यापेक्षा लवकर पाठ होतं आणि उशिरा विसरतं, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. रात्री झोपायच्या आधी दहा ओळी, सकाळी उठल्यावर त्याच दहा. बसून घोकू नका, चालता चालता म्हणा. मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकू नका असं मी सांगते, कारण मग ती एकच पट्टी कानात पक्की बसते आणि नंतर मोडता मोडत नाही, त्यापेक्षा समोरच्या पात्राच्या ओळी रेकॉर्ड करा आणि मध्ये आपल्यासाठी जागा सोडा.

एक जुनी पद्धत जरूर करून बघा. शेक्सपिअरच्या नटांना पूर्ण नाटकाची प्रत मिळत नसे, फक्त स्वतःच्या ओळी आणि प्रत्येकीच्या आधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे क्यू. एखादा सीन मुलांना तसाच लिहून द्या. आपला क्यू कधी येईल माहीत नसल्यामुळे ती इतकी कान देऊन ऐकतात की त्या दिवसाची तालीम बघण्यासारखी असते. कारागिरांमधला फ्लूट क्यूचाच घोळ घालतो, क्यूसकट सगळं एका दमात बोलून टाकतो आणि क्विन्स वैतागतो. एकदा हा खेळ खेळलेल्या मुलांना त्या विनोदावर हसायला का येतं ते बरोबर कळतं.

प्रयोगात ओळ विसरली तर?

तर थांबायचं, श्वास घ्यायचा, समोरच्याकडे बघायचं. ठोका चालू असतो, नव्वद टक्के वेळा ओळ स्वतःहून येते. समोरच्याला ती ओळ माहीत असतेच, तो प्रश्न विचारल्यासारखी देऊ शकतो. प्रॉम्प्टर ठेवा पण त्याला सांगा की अडलेला एक शब्द पुटपुटू नकोस, पुढच्या वाक्याची सुरुवात स्पष्ट दे.

हर्मिया बुटकी आणि हेलेना उंच असलीच पाहिजे का? मुलींना वाईट वाटतं.

तिसऱ्या अंकातलं भांडण उंचीवरूनच पेटतं, हर्मिया बुटकी आणि हेलेना खांबासारखी, त्यामुळे फरक असला तर बरं. पण मुलीशी आधी एकटीशी बोला, सगळ्यांसमोर नाही. आमची एक हर्मिया स्वतःच म्हणाली होती की मला आयुष्यभर हेच ऐकावं लागलंय, निदान इथे मी उलटून ओरडू शकते. दुसऱ्या एका मुलीला ते नको होतं, तिला आम्ही पक दिला आणि हर्मिया दुसरीने केली. दोन्ही बरोबर होतं. मुलीने लायसँडर केला किंवा मुलाने टायटानिया केली तर काही बिघडत नाही, ज्या रंगभूमीसाठी हे लिहिलं गेलं तिथे तर मुलांनी बायकांची कामं करणं रोजचंच होतं.

काही ओळी आज खटकतात. ठेवायच्या की काढायच्या?

खटकतातच. जादूच्या अमलाखाली लायसँडर हर्मियाला रंगावरून घालूनपाडून बोलतो, त्या ओळी मी काढते, सरळ. हेलेना डेमिट्रियसला म्हणते की मी तुझं कुत्रं आहे, मला मार पण जवळ राहू दे. ही मी ठेवते, पण तालमीत त्यावर अख्खा एक तास बोलतो आम्ही, कारण असं वागणारी मैत्रीण किंवा मित्र प्रत्येकाने पाहिलेला असतो आणि मुलं त्यावर जे बोलतात ते पालकसभेत कधीच ऐकायला मिळत नाही. बापाच्या मर्जीने लग्न कर नाहीतर मृत्यू किंवा जन्मभर मठ, हा हर्मियासमोरचा कायदा तर नाटकाचा पायाच आहे, तो मवाळ केला तर ती पळून का जाते तेच कळणार नाही.

प्रेमाचे सीन करायला मुलं लाजतात, पालकही विचारतात.

स्पर्श किती आणि कुठे ते आधी ठरवा, मुलांच्या तोंडून ठरवा, आणि ठरल्यावर दर वेळी तेवढंच. चुंबनाची काहीच गरज नाही. आणि नाटक स्वतःच मदतीला येतं बघा, जंगलात रात्री लायसँडर जवळ झोपायला बघतो तेव्हा हर्मिया त्याला स्पष्ट सांगते, लांब झोप, आणि तो गोड गोड बोलून पटवायला जातो तरी ती बधत नाही आणि शेवटी तो ऐकतो. चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकात ही मुलगी इतकी स्वच्छ बोलते. पालकांना मी तो उतारा वाचून दाखवते.

आवाज फुटतोय अशा मुलाला भूमिका द्यावी का?

नक्की द्या. फ्लूट द्या! कारागिरांच्या नाटकातली नायिका थिस्बी, तिची भूमिका त्याला मिळते तेव्हा तो म्हणतो की मला बाईचं काम नको, मला दाढी येतेय. एका वर्षी आमच्या फ्लूटचा आवाज दर तिसऱ्या शब्दाला दगा द्यायचा आणि तो तालमीला येईनासा झाला. त्याला बोलावून ती ओळ दाखवली. हा मुलगा तुझ्याच वयाचा आहे, त्याची अडचण तीच आहे आणि तरी तो ड्यूकसमोर जाऊन उभा राहतो, एवढंच म्हटलं. प्रयोगात सुरुवातीला थिस्बीच्या किनऱ्या आवाजावर लोक हसले, मग ती तिच्या प्रियकराच्या, पिरॅमसच्या, प्रेताजवळ बसते तिथे त्याचा आवाज खरंच फुटला, आणि त्याने तो आवरला नाही, तसाच बोलत राहिला. सभागृहात चिडीचूप शांतता. विनोदी सीन आहे तो, पण त्या दिवशी तिथे कुणीही हसलं नाही.

सेट किती लागतो? जंगल कसं दाखवायचं?

जवळजवळ काहीच लागत नाही. दिग्दर्शक पीटर ब्रूकने 1970 मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी हे नाटक एका पांढऱ्या खोक्यासारख्या जागेत केलं, झाड एकही नाही, झोपाळ्यासारखे ट्रॅपीझ आणि सर्कशीतल्या युक्त्या, आणि तो प्रयोग आजही लोक विसरलेले नाहीत. जंगल शब्दांत आहे. चंद्र, दंव, रानफुलं, सगळं पात्रं बोलून दाखवतात. त्याच प्रयोगात थिसियस-ओबेरॉन एकाच नटाने आणि थिसियसची वाग्दत्त वधू हिपोलिटा आणि टायटानिया एकाच नटीने केली होती, मुलं कमी असतील तर ही वाट तुम्हालाही मोकळी आहे.

माइक?

शक्यतो नको. माइक लावला की शेवटचे शब्द परत गिळायला लागतात.

प्रेक्षकांना कळेल का?

मुलांना कळलं असेल तर कळतं. सुरुवातीला कथा सांगणारं पत्रक द्या हवं तर, पण सूत्रधार उभा करून प्रत्येक सीन समजावू नका.

तालमी किती दिवस?

आठ ते दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, दीड दोन तास. पहिले दोन आठवडे नुसतं टेबलावर वाचन, उठायचंच नाही. घाईघाईत ब्लॉकिंग केलं की मुलं कुठे उभं राहायचं तेवढंच लक्षात ठेवतात आणि बोलणं मागे पडतं. परीक्षेच्या काळात सुट्टी द्या, ओळी कुठे जात नाहीत. शेवटच्या आठवड्यात रोज, आणि त्यातली एक तालीम डोळे मिटून, गोल करून बसून, फक्त आवाज.

प्रयोग सुरू झाल्यावर दिग्दर्शकाने कुठे थांबावं?

विंगेत नाही. तुम्ही विंगेत दिसलात की मुलं तुमच्याकडे बघणार. स्क्रिप्ट स्टेज मॅनेजर मुलीच्या हातात द्या आणि सगळ्यात मागच्या रांगेत, भिंतीला टेकून बसा, जिथून फक्त ओळीचे शेवटचे शब्द पोचतायत की नाही तेवढं ऐकता येतं.